आधी गावानं हो म्हटलं

माझ्या पीआरच्या, म्हणजे कॅनडात कायमचं राहण्याच्या परवानगीच्या, फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद राजधानी ओटाव्याहून आला नव्हता. तो ऑन्टारियो प्रांतातल्या सडबरी शहराच्या आर्थिक विकास खात्यातून आला होता. त्याचा मतितार्थ एवढाच, की या माणसाला आमच्या गावात कायमची नोकरी मिळाली आहे आणि त्याला कॅनडात कायमचं राहू द्यावं अशी आमची शिफारस आहे. बायोमेट्रिक्स, मेडिकल, पोलिसांचा दाखला (पीसीसी), सगळं त्या शिफारशीच्या नंतरचं. पुढे पोर्टलवर फोटो चढवला, पत्ता भरला आणि पीआर मिळाल्याच्या दाखल्याची, ईसीओपीआरची, पीडीएफ हातात आली, तेव्हा देशानं मला घेतलं. गावानं त्याच्या बरंच आधी घेतलं होतं. हा क्रम माझ्या मनात पक्का बसला आहे. इथे कसं राहायचं, याचा विचार मी त्यावरूनच करतो.

ही योजना होती रूरल अँड नॉर्दर्न इमिग्रेशन पायलट. सगळे तिला आरएनआयपी म्हणायचे. २०१९ साली कॅनडा सरकारनं ११ गावं निवडली. ऑन्टारियोच्या उत्तरेतली पाच, म्हणजे सडबरी, टिमिन्स, नॉर्थ बे, सू सेंट मरी आणि थंडर बे. पश्चिमेकडे ब्रँडन, मूस जॉ, क्लेअर्सहोम, व्हर्नन वगैरे. कारण साधं होतं. एक्स्प्रेस एंट्री या देशपातळीवरच्या योजनेत वय, शिक्षण आणि इंग्रजी यांचे गुण मोजून माणसं निवडली जातात, आणि निवडलेली बहुतेक माणसं टोरंटो, व्हँकूवर नाहीतर कॅलगरीला उतरतात. उत्तरेतल्या गावांमध्ये वेल्डर, मेकॅनिक, नर्स, आजी-आजोबांची काळजी घेणारे पीएसडब्ल्यू निवृत्त होत होते आणि त्यांची मुलं दक्षिणेला जात होती. देशात माणसं येत होती, पण या गावांपर्यंत पोचत नव्हती. म्हणून निवडीची पहिली पायरी गावाच्याच हाती दिली.

सडबरीला 'रूरल' म्हणायचं का, असा प्रश्न मला चंद्रपूरचे मित्र विचारतात. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या १ लाख ६६ हजार. नियम असा होता की गाव ५० हजारांच्या आतलं असावं, किंवा मोठ्या शहरांपासून लांब असेल तर दोन लाखांपर्यंत चालेल. टोरंटोहून उत्तरेला ४०० किलोमीटर, मध्ये खडक, पाइनची झाडं आणि तळी. महापालिकेच्या हद्दीतच ३३० तळी आहेत. लांब म्हणजे खरोखर लांब.

माझ्या कामाचं थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी हेवी इक्विपमेंट मेकॅनिक आहे. जमिनीखाली खनिज उचलणारे लोडर असतात, इथे त्यांना 'स्कूप' म्हणतात. बुटके, लांबुडके, ड्रायव्हर आडवा बसलेला. खाणीच्या बोगद्यात मावावेत म्हणून त्यांची अशी रचना. ते आमच्या शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, उघडून, धुऊन, हायड्रॉलिक्स बदलून परत खाली जातात. या गावात खाणींना माल आणि सेवा पुरवणारे शेकडो छोटे-मोठे कारखाने आहेत. २०१९ साली मी इथल्या कॉलेजात आलो तेव्हा मेकॅनिक मिळत नाही ही तक्रार प्रत्येक शॉपमध्ये ऐकली. चंद्रपूरला मी दुर्गापूरच्या उघड्या खाणीत एका ठेकेदाराकडे डंपरवर काम केलं होतं. हात तेच, पाने तेच, ग्रीसचा वास तोच.

माझे बाबा वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीत होते. फोनवर त्यांना खाणीचं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तिथंबी खाणच हाय ना? मंग जमते तुले." आईचा प्रश्न वेगळा होता. "मंग आमी तुले कधी पाहाव?" तिच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर अजून माझ्याकडे नाही. सुपर व्हिसा आहे, त्यावर आई-वडील एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, पण त्यासाठी आरोग्य विमा काढावा लागतो, आणि बाबांना जानेवारीत इथे चार भिंतींत बसवून ठेवणं मला पटत नाही.

सडबरीची जमीन मी पहिल्यांदा पाहिली ती बसच्या खिडकीतून. हायवेच्या दोन्ही बाजूंना काळे खडक, आणि त्यांच्या फटींतून उगवलेले तरुण पाइन आणि बर्च. खडक असे काळे का, हे कुणीतरी पुढे समजावून सांगितलं. मूळ खडक गुलाबी-करडा. १८८३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे टाकताना इथे निकेल आणि तांबं असल्याचं कळलं. गंधकाने भरलेलं ते खनिज उघड्यावर लाकडाच्या मोठमोठ्या ढिगांवर महिनोन्‌महिने भाजायचे, १९२९ पर्यंत हे चालू होतं. लाकडासाठी जंगल तोडलं, उरलेलं धुरानं मेलं, मग पावसानं माती वाहून गेली आणि उघडे पडलेले खडक आम्लानं काळे झाले. हजारो हेक्टर जमीन ओसाड. १९७२ मध्ये ३८१ मीटर उंचीचं धुराडं उभं राहिलं, सुपरस्टॅक. त्यानं गावातली हवा सुधारली, पण धूर दूरवर पसरला. खरा फरक पडला तो नंतर, आम्लवर्षेविरुद्ध कडक नियम आल्यावर आणि कारखान्यांना गंधक आतच अडवावं लागल्यावर. २०२० साली ते धुराडं बंद झालं.

आणि १९७८. या गावाच्या गोष्टीत मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हे साल. निकेलचा भाव पडला होता. इथल्या इन्को या निकेल कंपनीनं कामगार कमी केले होते, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संप सुरू झाला. अकरा हजारांहून जास्त कामगार, साडेआठ महिने. गाव रिकामं व्हायची वेळ होती, आणि कित्येक कुटुंबं गेलीही. जे राहिले त्यांनी, विद्यार्थ्यांनी, पुढच्या वर्षांत काम गेलेल्या खाण कामगारांनी, चुनखडीच्या भुकटीच्या गोण्या पाठीवर घेऊन टेकड्या चढायला सुरुवात केली. हातानं चुना फेकायचा, म्हणजे आम्लता कमी होते. मग गवताचं बी, मग रोपं. विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी प्रयोग करून सांगितलं होतं की हे जमेल. जमलं. आजवर एक कोटीहून जास्त झाडं लागली आहेत, आणि दर वसंतात अजून लागतात.

त्या काळात टेकड्यांवर गोण्या वाहिलेले एक आजोबा आमच्या शॉपमध्ये कधी कधी येतात. निवृत्त आहेत, मुलगा आमच्याकडे वेल्डर आहे. त्यांना मी विचारलं, तुम्ही का नाही गेलात? ते म्हणाले, घराचं कर्ज होतं आणि बायकोची आई इथे होती. त्यांनी त्यात काही मोठेपणा घातला नाही. लोक राहतात त्याची कारणं बहुधा अशीच असतात, पण त्यातूनच डोंगर हिरवे झाले.

चंद्रपूरच्या माणसाला हे ऐकून आत काहीतरी हलतं. आमच्याकडे खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर आहेत, ओबीचे ढिगारे. औष्णिक वीज केंद्राची राख आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित पट्ट्यांची यादी काढली, त्यात चंद्रपूर वरच्या नंबरांत होतं. मे महिन्यात पारा ४७ च्या वर जातो आणि इरई धरणाच्या पाण्याची काळजी सुरू होते. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं नागपूर, पुणे, हैदराबादला गेली. मीही गेलो, सगळ्यात लांब. त्यामुळे गाव सोडून जाणाऱ्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही आणि तशी इच्छाही नाही. पण दोन खाणपट्टे जवळून पाहिले म्हणून एवढं नक्की सांगू शकतो, की बिघडलेली जमीन सुधारायला पैसा आणि शास्त्र लागतं, आणि त्याहून जास्त लागतात तिथे वीस-तीस वर्षं राहणारी माणसं.

आता त्या शिफारशीकडे येतो. मालकाची पूर्णवेळ, कायमची, हंगामी नसलेली जॉब ऑफर. गेल्या तीन वर्षांत एक वर्षाचा अनुभव, म्हणजे १,५६० तास. माझ्या कामाच्या श्रेणीला इंग्रजी सीएलबी ५, म्हणजे कॅनडाच्या भाषा-मोजणीतली पाचवी पातळी. हे देशाचे नियम. त्यावर गावाचे स्वतःचे निकष. इथे किती काळ राहिलात, जोडीदार इथे काम करतो का, गावात कुणी ओळखीचं आहे का, गावाच्या जीवनात तुमचा काही सहभाग आहे का. अर्ज गावातली समिती वाचत असे. कुणाचं भाग्य कुणी ठरवावं हा प्रश्न इथे येतोच, आणि माझ्याकडे त्याचं सोपं उत्तर नाही. पण वयाला इतके गुण आणि पदवीला इतके, अशा तक्त्यापेक्षा मला हे प्रश्न जास्त माणसासारखे वाटले. लग्न जमवताना दोन्ही घरं विचारतात तसेच होते ते: तुमचं इथे कोण आहे, आणि जमेल का तुम्हाला इथे?

माझ्या अर्जात मी लिहिलेल्या गोष्टी किरकोळ होत्या. रामसे तळ्याकाठच्या स्वच्छतेच्या दिवशी जाणं. फूड बँकेत शनिवारी खोकी लावणं. मराठी आणि गुजराती घरांनी मिळून शाळेच्या जिममध्ये केलेला गणपती. शेजारच्या फ्रेंच बोलणाऱ्या आजींच्या दारातला बर्फ काढणं मात्र मी लिहिलं नाही, कारण ते अर्जासाठी केलं नव्हतं. या गावात फ्रेंच बोलणारे खूप आहेत. फ्रँको-ऑन्टारियन लोकांचा हिरवा-पांढरा झेंडा १९७५ साली इथल्याच विद्यापीठात पहिल्यांदा फडकला. त्या आजींनी मला 'बोंजूर' पलीकडचं फ्रेंच शिकवायला घेतलं आहे.

या योजनेची एक बाजू मला कठोर शब्दांत सांगायला हवी. जॉब ऑफर मालकाच्या हातात असते. पीआर हाती येईपर्यंत माणूस त्या मालकाला बांधलेला असतो, आणि योजनेतला वर्क परमिटही त्याच मालकापुरता असतो. माझा मालक सरळ माणूस होता, त्यानं माझे फॉर्म स्वतः बसून भरले. पण माझ्या एका मित्राला दुसऱ्या एका ठिकाणी ओव्हरटाइमचे पैसे अनेक महिने मिळाले नाहीत, आणि फाइल अडकेल या भीतीनं तो गप्प राहिला. शिवाय जॉब ऑफर विकणारे लोक आहेत. 'एवढे डॉलर द्या, छोट्या गावातली ऑफर देतो, पीआर मिळाली की या टोरंटोजवळ ब्रॅम्प्टनला.' हा गुन्हा आहे. आणि त्यात फसतं ते आपलंच पोर, ज्याच्या बापानं शेत गहाण टाकलेलं असतं. २०२५ मध्ये आलेल्या नव्या योजनेत मालकांना आधी नोंदणी करून मान्यता घ्यावी लागते आणि प्रशिक्षणही घ्यावं लागतं. हे बरंच झालं. तपासणी अजून कडक हवी.

अर्जावर सही करताना एक गोष्ट लिहून द्यावी लागते, की या गावात राहण्याचा माझा इरादा आहे. पीआर मिळाल्यावर कायद्यानं तुम्हाला कुणी बांधू शकत नाही. कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेतलं सहावं कलम नागरिकांना आणि पीआर असलेल्यांना कुठल्याही प्रांतात जाऊन राहायचा आणि कमावायचा हक्क देतं. हे कलम योग्यच आहे. माणसाला गावाला खिळवून ठेवणारा कायदा कुणालाच नको. मग त्या सहीचा अर्थ काय उरतो?

माझं मत असं झालं आहे. सही करता त्या दिवशी इरादा खरा असला पाहिजे. पुढे जे घडेल ते घडेल. आमच्या ओळखीचं एक कुटुंब पीआरनंतर दोन हिवाळ्यांनी टोरंटोजवळच्या मिसिसागाला गेलं, कारण मुलाच्या आजारावरचे डॉक्टर तिथे होते आणि दर महिन्याला ४०० किलोमीटर बर्फातून जाणं शक्य नव्हतं. दुसऱ्या एकाच्या बायकोला तिच्या शिक्षणाचं काम इथे मिळेना. त्यांनी गावाला फसवलं असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. पण पहिल्या दिवसापासून जाण्याची तारीख ठरवून सही करणं वेगळं. त्यात नुकसान सरकारचं होत नाही. नुकसान होतं पुढच्या अर्जदाराचं, ज्याच्याकडे समिती संशयानं बघते, आणि त्या मालकाचं, ज्यानं माणूस तयार केला. शिफारशी मोजक्या होत्या. शेवटच्या काळात अर्ज इतके वाढले की चांगली माणसं रांगेतच राहिली, आणि ३१ ऑगस्ट २०२४ ला ती योजना बंद झाली.

आमच्या घरात राहण्याचा प्रश्न माझ्या नोकरीनं सुटला नव्हता, तो बायकोच्या नोकरीनं सुटला. ती चंद्रपूरला शाळेत शिकवायची. इथे पहिला हिवाळा तिनं घरात काढला. गाडीचं इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर लावायचा राहिला की सकाळी ते सुरू होत नाही, अशा थंडीत एकटीनं फिरायचं तरी कुठे? मग तिनं पाळणाघरात मदतनीसाचं काम धरलं, शिकायला लागली, आणि आता ती तिथल्या लहान मुलांची लाडकी बाई आहे. सुपरमार्केटमध्ये मला कुणी ओळखत नाही. तिला मात्र चार वर्षांची मुलं हाका मारतात आणि त्यांचे आई-बाप थांबून बोलतात. गावात मुळं तिची गेली, मी तिच्या आधारानं आहे. योजना आखणाऱ्यांनी हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहायला हवं: जोडीदाराला काम आणि ओळखीची माणसं मिळाली तर कुटुंब राहतं. नोकरी देणाऱ्या शॉपला याची कल्पनाही नसते.

उन्हाळ्यात आम्ही दोघं ब्लूबेरी वेचायला जातो. ओसाड झालेल्या टेकड्यांच्या आंबट मातीत ब्लूबेरी मात्र भरपूर येते. जुलैअखेर बादल्या घेऊन माणसं खडकांवर वाकलेली दिसतात. अस्वलंही येतात, त्यामुळे मोठ्यानं बोलत वेचायचं. तिथेच एकदा इथल्या मूळ रहिवाशांपैकी, अतिकमेकशेंग अनिशिनाबेक समाजातल्या एका बाईंशी गाठ पडली. त्यांच्या घरात कित्येक पिढ्या या टेकड्यांवर ब्लूबेरी वेचत आल्या आहेत. घरी येऊन मी वाचलं. ही सगळी जमीन १८५० च्या रॉबिन्सन-ह्युरॉन करारात आली. करारात असं होतं की जमिनीतून उत्पन्न वाढलं तर वार्षिक रक्कमही वाढेल. १८७५ पासून ती माणशी चार डॉलरवर अडकून राहिली, आणि मधल्या काळात याच जमिनीतून निकेल, तांबं, सोनं, लाकूड निघत राहिलं. न्यायालयात वर्षानुवर्षं लढल्यावर २०२३ मध्ये १० अब्ज डॉलरची तडजोड झाली.

आमच्या भागात प्रकल्पग्रस्त दाखल्यासाठी म्हाताऱ्या माणसांना तहसीलच्या पायऱ्या झिजवताना मी पाहिलं आहे. तुम्ही इथलेच होतात याचा पुरावा द्या, असं त्यांना सांगितलं जायचं. त्यामुळे मला गावानं शिफारस दिली याचा आनंद होताना हेही जाणवतं, की हे गाव वसलं तेव्हा इथल्या मूळ लोकांकडे कुणी शिफारस मागितली नव्हती. मी खाणीच्या पैशावर जगतो. ही गोष्ट माहीत असणं आणि मुलांना सांगणं, एवढं तरी माझ्याकडे लागतं.

मागच्या महिन्यात वरोऱ्याचा एक मुलगा फोनवर बोलला. ब्रॅम्प्टनला राहतो, वेल्डिंग शिकला आहे, वर्क परमिट संपत आला आहे. नव्या रूरल कम्युनिटी इमिग्रेशन पायलटबद्दल त्याला विचारायचं होतं. ३० जानेवारी २०२५ ला त्या योजनेची १४ गावं जाहीर झाली, सडबरी आहेच, शिवाय नोव्हा स्कोशियातलं पिक्टू काउंटी, मॅनिटोबातलं स्टाइनबाख अशी नवी नावं आहेत. नियम सगळे त्याला ठाऊक होते. त्याचा खरा प्रश्न शेवटी आला. "दादा, पीआर झाल्यावर किती दिवस राहावं लागते तिथं?"

मी त्याला कलम सांगितलं, जसं आहे तसं. कायद्यानं एकही दिवस नाही. मग त्याला विचारलं की तुझं लग्न झालं आहे का, होणारी बायको काय करते, तुला थंडीत कामाला जाणं जमतं का, एकटेपणा सहन होतो का, आणि रविवारी तू काय करतोस. तो जरा गोंधळला. हे प्रश्न त्याला आजवर कुठल्याच कन्सल्टंटनं विचारले नव्हते. बोलता बोलता कळलं की त्याला मासेमारीचा नाद आहे, वर्धा नदीवर लहानपण गेलं आहे. इथे जानेवारीत तळ्याच्या बर्फाला भोक पाडून गळ टाकतात म्हटल्यावर तो पंधरा मिनिटं त्याबद्दलच बोलत होता.

मी म्हटलं, ऑफर घेण्याआधी एकदा जानेवारीत ये. ऑन्टारियो नॉर्थलँडची बस येते टोरंटोहून. चार दिवस आमच्याकडे राहा, दोन शॉप दाखवतो, तळ्यावर नेतो, मग ठरव. कधी येऊ म्हणाला. जानेवारीचा तिसरा आठवडा धर, तेव्हा सगळ्यात वाईट थंडी असते, असं मी त्याला सांगितलं. त्यानं सुट्टी टाकली आहे.